साच्याबाहेरचे पान

दिवाळीची सुटी आठवड्यावर आली की आमच्या शाळेत फळ्यावर काहीही लिहिले तरी ते मुलांच्या डोक्यात शिरत नाही. मग हस्तकलेचे तास वाढवून मिळतात आणि ते माझ्या वाट्याला येतात. मी कादंबऱ्या लिहिते खरी, पण पोट शाळेवर चालते. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. त्यामुळे मोठ्या विषयांची पुस्तके मी चाचपडतच वाचली, आणि मोठे प्रश्न मला बहुधा वर्गातच भेटले. त्यांतला एक प्रश्न गेली काही वर्षे माझी पाठ सोडत नाही. एका नऊ वर्षांच्या मुलीने तो मला विचारला होता, आणि त्या वेळी मी तिला उत्तर दिले नव्हते. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा वाटले, निदान वाचकांच्या साक्षीने तरी ते उत्तर शोधून पाहावे.

माझ्या तासाचा नियम साधा आहे. दुकानातून काही आणायचे नाही. दोरा, सुई, कात्री आणि घरी शिजवलेली खळ एवढे शाळा पुरवते; बाकीचे ज्याने त्याने शोधून आणायचे. सोलापूर म्हणजे उन्हाचे गाव, इथे काय मिळणार, असे परक्याला वाटेल. पण मुलांच्या पिशव्या उलट्या केल्या की थक्क व्हावे. ज्वारीची वाळलेली धाटे असतात. त्यांची साल सोलून चिपाडे करावीत, आतले पांढरे भेंड कापून चाके करावीत, आणि चिपाडे त्यात खोवून बैलगाडी उभी करावी, ही विद्या इकडच्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. चिंचोके असतात, सीताफळाच्या काळ्या तुळतुळीत बिया असतात, बाभळीच्या खुळखुळणाऱ्या शेंगा असतात. आंब्याची डहाळी आणि झेंडू तर असतोच. दसऱ्याच्या आपट्याची उरलेली पानेही कोणी वहीत घालून ठेवलेली असतात. एक मुलगा दरवर्षी कोंबड्याची पिसे आणतो आणि ती कुठून आणली हे कधी सांगत नाही.

भवानी पेठेतली आमची वस्ती मिसळीची. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि भांडताना दोन्ही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची इथे पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आहेत. काही गल्ल्यांतून अजून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. जिथे तो थांबला तिथे म्हातारी माणसे म्हणतात, झोप लागत नाही. आणि ज्या घरांत माग नाही, किंवा मागाच्या पगारात भागत नाही, त्या घरांत बायका बिड्या वळतात. उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पाने, हे चित्र आमच्याकडे इतके नेहमीचे आहे की त्याकडे कोणी पाहात नाही. मीही पाहात नव्हते.

बिडीचे पान टेंभुर्णीचे. त्याला तेंदू म्हणतात. गडचिरोली-गोंदियाकडच्या जंगलांत उन्हाळ्यात ते तोडतात, वाळवतात, आणि पोत्यांतून ते आमच्या दारापर्यंत येते. बाया रात्री ते ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करतात. सकाळी पानावर पत्र्याचा लहानसा साचा ठेवायचा आणि त्याच्या कडेने कात्री फिरवायची. एका पानातून एक-दोन सारखे तुकडे निघतात. त्यात तंबाखू भरून, वळून, तोंड दुमडून दोरा बांधला की बिडी झाली. मजुरी हजारावर मिळते. कारखान्यात बिड्या नेऊन दिल्या की तपासणारा त्यांतल्या बारीक, जाड, तिरप्या, सैल बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाट झालेल्या बिडीचा पैसा मिळत नाही. पान, दोरा, तंबाखू आणि दिवसाची उन्हे मात्र गेलेलीच असतात. म्हणून या घरांत सारखेपणा ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. तो संध्याकाळच्या भाकरीचा प्रश्न आहे.

ती मुलगी अशाच घरातली. शाळा सुटल्यावर आईशेजारी बसून ती पाने कापू लागे. बिडीच्या कामावर चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला १९८६ च्या कायद्याने बंदी केली. पण घरच्या घरी चालणाऱ्या कामाला त्या कायद्यात मोकळीक होती, आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या मुलीपर्यंत कायद्याचा हात एरवीही पोहोचत नाही. तिच्या हातात कात्री अशी चाले की मोठ्या माणसाने पाहात राहावे. मी वर्गात तिचे कौतुक करीत असे. त्या हाताने ते वळण कुठून घेतले, हे मला माहीत होते. पण माहीत असणे आणि मनात येणे यांत पुष्कळ अंतर असते.

त्या वर्षी शनिवारी दुपारी प्रदर्शन ठरले होते. पाहुणे येणार होते. बुधवारी तिने पिशवीतून मूठभर कातरण काढून बाकावर ओतले. साच्याने चौकोन काढून घेतल्यावर पानाचे जे उरते, ते. कुठे देठाकडची चंद्रकोर, कुठे टोकाचा भाला, कुठे मधला कणा तेवढा आणि त्याला दोन्ही बाजूंनी दातरे. तपकिरी, हिरवट, कुठे तांबूस. घरात हे झाडून चुलीत घालतात. तिने ते दोन दिवस खपून दोऱ्यात ओवले आणि मधे मधे चिंचोके घातले. तोरण म्हणावे तर ते कोणत्याच तोरणासारखे नव्हते. एक तुकडा वीतभर लोंबे, शेजारचा बोटाएवढाही नसे. वारा आला की सगळे तुकडे वेगवेगळ्या दिशांना फिरत आणि त्यांचा खसखस आवाज होई. ती ते हातात धरून बराच वेळ नुसती हलवीत उभी राहिली होती, हे मला आज आठवते. त्या वेळी मला एवढेच दिसले की इतका सुबक हात असलेल्या मुलीने हे ओबडधोबड काम केले आहे.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी एकटी वर्गात मांडामांड करीत होते. तोरण दाराच्या चौकटीला बांधले आणि दूर जाऊन पाहिले. ते खटकले. पाहुणे आत येताना पहिल्यांदा हेच पाहणार! मी स्टुलावर चढले आणि कात्रीने लांब तुकड्यांची टोके कापली. मग जे आखूड होते ते उगीच डोळ्यांत येऊ लागले, म्हणून बाकीचेही त्यांच्या मापाला आणले. दहा मिनिटांचे काम. शेवटी एक नीटस झालर तयार झाली. मनात मी तिलाच म्हटले, बघ, तुझेच आहे, थोडेसे आवरले एवढेच.

शुक्रवारी सकाळी ती दारात येऊन थांबली आणि वर पाहू लागली. तिने आरडाओरडा केला नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. फक्त विचारले,

"बाई, ही बी छाट झाली का ओ?"

मी काहीतरी बोलले. पाहुणे येणार आहेत, छान दिसते की नाही बघ, असेच काही. ती मान हलवून जागेवर जाऊन बसली. मधल्या सुटीत मी कचऱ्याच्या टोपलीत हात घालून कापलेली टोके शोधली. मिळाली. पण पान एकदा कापले की ते कोणत्याही खळीने जोडता येत नाही.

त्यानंतर मी स्वतःची बाजू पुष्कळ मांडून पाहिली. वाचकांनीही ती ऐकावी, कारण ती अगदीच पोकळ नाही.

पहिली गोष्ट अशी की शिक्षकाने नीटनेटकेपणा शिकवायचा नाही तर कोणी शिकवायचा? आमच्या शेजारी एक वृद्ध विणकर आहेत. त्यांना मी ही हकिकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बाई, एक धागा तुटला आणि तसाच सोडला, तर चादर सेकंडात जाते. पोरांना लाड करून चालत नाही." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. ज्यांच्या हातांनी हे गाव उभे राहिले, त्यांनी सारखेपणाची किंमत ओळखली होती. कोणतीही कला शिस्तीशिवाय नसते. मीही कादंबरीचे प्रकरण तीन-तीनदा लिहिते. संपादक चार पाने गाळा म्हणतात, तर रडतकढत गाळते, आणि पुष्कळदा मागाहून त्यांचे आभार मानते.

पण विणकराच्या तुटलेल्या धाग्यात आणि त्या तोरणात एक फरक आहे. धागा तुटला हे मागच सांगतो. कापडात ते दिसते, आणि जो पांघरतो त्याला ते बोचते. धाटाची चिपाडे जास्त वाकवली की मोडतात आणि गाडीचे चाक निखळते. तिथे बाईंनी काही बोलावे लागत नाही. वस्तू स्वतःच बोलते. रोममध्ये १९०७ साली माँटेसोरीबाईंनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांची साधने अशी घडवली की चूक झाली तर ती साधनातूनच मुलाला कळावी. दट्टा भोकात बसला नाही तर तो बसत नाही, मोठ्या माणसाने डोळे वटारण्याचे कारण नाही. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी हेच तत्त्व घेतले, आणि महाग परदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आणली. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. या दोघींनी निसर्गातल्या वस्तू मुलांच्या हातात दिल्या त्या पैसे वाचावेत म्हणून तर होत्याच. पण मला त्यात आणखी एक लाभ दिसतो. पान, बी, काडी यांना स्वतःचा स्वभाव असतो. त्या मुलाला शिकवतात, पण अपमान करीत नाहीत.

त्या मुलीच्या तोरणात मोडलेले काय होते? गाठी पक्क्या होत्या. दोरा ताणला तरी चिंचोके सरकत नव्हते. वाऱ्यात ते फिरत होते आणि वाजत होते, आणि ते तसे व्हावे अशीच तिची इच्छा होती. त्या वस्तूने कुठलीही तक्रार केली नव्हती. तक्रार माझ्या डोळ्याची होती. आणि तीही माझ्या स्वतःच्या डोळ्याची नव्हे. जे अजून आलेच नव्हते त्या पाहुण्यांच्या डोळ्यांनी मी पाहात होते. सुधारणे आणि छाटणे या दोन्ही कामांना कात्री तीच लागते. फरक एवढाच की एक ज्याची वस्तू त्याच्यासाठी होते आणि दुसरे तपासणाऱ्यासाठी.

यावर कोणी म्हणेल, मग विचारून करायचे होते. संपादक तुम्हाला विचारतात, तसे तुम्ही तिला विचारायला हवे होते. मलाही काही दिवस हे उत्तर पुरेसे वाटले. मग लक्षात आले की मी विचारले असते तर ती "हो बाई" म्हणाली असती. नऊ वर्षांची मुलगी, समोर हातात कात्री घेतलेली बाई. ती आणखी काय म्हणणार? ज्या प्रश्नाला 'नाही' म्हणण्याची सोय नसते तो प्रश्न नसून गोड आवाजातला हुकूम असतो. संपादकांना मी नाही म्हणू शकते. फार तर कादंबरी परत येईल. म्हणून मोठ्या माणसाने नुसते विचारून भागत नाही. मुलाने होकार दिला तरी कात्री खाली ठेवण्याचा संयम त्याच्याजवळ असावा लागतो. आणि शिकवायचे कधी? मूल स्वतः येऊन म्हणते ना, बाई, गाठ सुटते आहे, तेव्हा. त्या वेळी गाठ शिकवावी, आणि दोरा पुन्हा त्याच्याच हातात द्यावा.

मुलांचा हात कमवण्यासाठी की शिकण्यासाठी, हा वाद आपल्या देशात जुना आहे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तेव्हा गांधीजींनी सगळे शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, आणि मुलांच्या हातच्या वस्तूंतून शाळेचा खर्चही निघावा, अशी कल्पना मांडली. पुष्कळांना भीती वाटली की याने शाळेचा कारखाना होईल. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने ती योजना स्वीकारली, पण तिनेही हा धोका नजरेआड केला नाही: कमाईच्या बाजूवरच भर दिला तर शिक्षणाची बाजू मागे पडेल, असा इशारा तिने दिला. पूर्वी मी हे सारे शिक्षणाचा इतिहास म्हणून वाचले होते. त्या शुक्रवारनंतर ते मला माझ्या वर्गाच्या दाराला टांगलेले दिसू लागले. कारण आमच्या प्रदर्शनात एक पैसाही मिळणार नव्हता. तरी मी त्याचा कारखाना केलाच होता. कारखाना व्हायला पैसा लागत नाही. वस्तू कोणाला पसंत पडेल एवढाच एक विचार शिल्लक राहिला की कारखाना होतो.

माझ्या बचावाचा आणखी एक मुद्दा होता, आणि तो मी स्वतःशी जरा जोरात मांडत असे. पानाचे तोरण ते! आठ दिवसांत वाळून चुरा होणार. त्याची टोके कापली गेली म्हणून एवढे काय? या मुद्द्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते आमच्या गल्लीतच होते.

आमच्या तेलुगू शेजारणी सर्वपित्री अमावास्येपासून अष्टमीपर्यंत नऊ दिवस बतुकम्मा खेळतात. तेलंगणात या सणाला २०१४ पासून राज्याच्या उत्सवाचा मान आहे. सोलापुरात तो कोणी मान देण्याची वाट न पाहता चालत आला आहे. बतुकम्मा म्हणजे फुलांची उतरंड. ताटात पाने पसरून त्यावर फुलांचे गोल थर चढवीत जायचे, वर निमुळते करायचे, आणि माथ्यावर हळदीची गौरम्मा ठेवायची. फुले कोणती, तर माळावरच्या तरवडाची पिवळी आणि शेताच्या बांधावर कोणी न लावता उगवणाऱ्या कुर्डूची. शेतकऱ्याच्या लेखी कुर्डू हे तण. त्याचे तुरे रंगवून, देठ सारखे करून बाया थर लावतात, आणि लहान मुली शेजारी बसून फुले निवडून देतात. अशा कामात तासच्या तास जातात. संध्याकाळी त्या अंगणात मांडून, टाळ्या वाजवीत, गाणी म्हणत बायका भोवती फेर धरतात, आणि शेवटी ती उतरंड पाण्यात सोडतात.

एकदा मी न राहवून विचारले होते, "एवढं सुंदर केलेलं सोडताना वाईट नाही वाटत?" एक आजीबाई हसल्या. म्हणाल्या, "ठेवून काय करता? सडंल की. अन् पोरगी उद्या काय करंल मग?"

पोरगी उद्या काय करील! मला वाटते, सगळ्या नाशवंत सजावटीचे मर्म या एका वाक्यात आहे. रांगोळी सकाळी पुसली जाते म्हणून उद्या पुन्हा काढायला अंगण मोकळे मिळते. किल्ल्याची माती पावसात वाहून जाते म्हणून पुढच्या दिवाळीला धाकट्या भावाला बुरूज रचता येतो. वस्तू जाते, करणे मागे राहते, आणि ते हातात राहते. ज्या वस्तूला टिकायचे असते, ती थोडीफार पाहणाऱ्यांसाठी असते. जिला टिकायचेच नाही, ती मात्र सर्वस्वी करणाऱ्याची. म्हणजे माझा मुद्दा माझ्यावरच उलटला. तोरण आठ दिवसांत चुरा होणार होते, त्याअर्थी त्यात राखण्यासारखे एकच होते, ते म्हणजे त्या मुलीचे करणे. मी चुरा होणारे तेवढे सजवले आणि राहणारे कापून टाकले.

शुक्रवारी शाळा सुटताना मी तिला जवळ बोलावले आणि म्हटले, "माझं चुकलं गं. दुसरं करतेस का? तुला हवं तसं कर." ती "करते की" म्हणाली आणि पळाली. मला हायसे वाटले. शनिवारी सकाळी ती नवे तोरण घेऊन आली. एकवीस तुकडे. सगळे साच्याने कापलेले, चौकोनी, एकमेकांवर ठेवले तर कड कडेला लागावी असे. दोन तुकड्यांमध्ये एक चिंचोका, प्रत्येक चिंचोका सारख्या आकाराचा निवडलेला. आईच्या वाट्याच्या पानांतली चांगली पाने तिने त्यासाठी घेतली होती. मी ते दाराला बांधले. दुपारी पाहुणे आले, दाराशी थांबले आणि म्हणाले, "वा! काय शिस्त आहे हाताला!" तिला रंगपेटी मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

माझे तोरण कापणे तिने कदाचित विसरलेही असते. पण त्यातून ती जे शिकली ते मला त्या एकवीस चौकोनांत दिसत होते. तिला वाटत होते की साच्याबाहेर एक जागा आहे, तिथे उरलेसुरले चालते, वाकडे चालते, आणि ती जागा म्हणजे शाळा. मी तिला दाखवून दिले की तिथेही तपासणारा बसलेला असतो. तिच्या आईच्या सारखेपणाला मी कमी लेखीत नाही. ती माउली हजार बिड्या एका मापाच्या वळते म्हणून त्या घरात दिवा लागतो, आणि तसा हात कमवायला मला सात जन्म लागतील. पण ज्या मुलीला उद्या आयुष्यभर साच्याच्या कडेने कात्री फिरवावी लागेल, कोणास ठाऊक, लागणारही नाही, तिला आठवड्यातले दोन तास तरी कडेबाहेर जाता यावे. सण त्यासाठीच असतात, असे मला वाटते. वर्षभर आपण मापात राहतो. चार दिवस दाराला काहीतरी असे लावतो की ज्याचे माप कोणी विचारीत नाही.

आणि घरोघरी काय चालते ते आपण सारे जाणतोच. मुलाने कामट्या जोडून केलेला कंदील जरा कलतो, एका बाजूचा कागद सुरकुततो. आपण "छान हं" म्हणतो, तो मागच्या गॅलरीत टांगतो, आणि पुढल्या दाराला बाजारातली चांदणी लावतो. आपण त्याला कात्री लावत नाही हे खरे. पण मुलांना पुढचे दार कोणते आणि मागचे कोणते, हे फार लवकर कळते. बाजारातली चांदणी आणू नये असे मी म्हणत नाही. तीही कोणाच्या तरी हातची असते आणि त्या हातालाही दिवाळी असते. मी एवढेच म्हणेन की यंदा कलता कंदील हातात घेऊन मूल उभे राहिले, तर तो कुठे लावायचा हे त्यालाच ठरवू द्यावे. आणि त्याने पुढचे दार म्हटले, तर पाहुण्यांचा विचार मनात येण्याच्या आत खिळा ठोकून टाकावा.

त्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी फराळाचा डबा घेऊन एका मैत्रिणीकडे निघाले होते. वाट त्या मुलीच्या गल्लीतून जात होती. उंबऱ्याशी सूप नव्हते, सणाचा दिवस. तिची आई नवे लुगडे नेसून दारात उभी होती. मला पाहताच म्हणाली, "या ओ बाई, या." मी वर पाहिले. चौकटीला एका बाजूने झेंडूचा हार होता, आणि त्याच्याखाली कातरणाचे तोरण. कुठला तुकडा वीतभर, कुठला बोटभर. चंद्रकोरी, भाले, दातरे. वाऱ्यावर सगळे वेगवेगळ्या दिशांना फिरत होते.

आई जरा ओशाळून म्हणाली, "बघा की ओ, सणासुदीचं पोरीनं दाराला कचरा लटकवलाय. काढ म्हटलं तर काढंना."

मुलगी तिच्या मागेच होती. आईचा पदर धरून ती माझ्याकडे पाहात होती. माझ्या तोंडाकडे नव्हे, हातांकडे. माझ्या दोन्ही हातांत डबा होता.

"राहू द्या," मी म्हटले.

त्याहून अधिक काही बोलावेसे पुष्कळ वाटत होते. फार सुंदर झाले आहे, असे म्हणणार होते. पण मग वाटले, तेही एक तपासणेच. मी डबा उघडून तिच्या हातावर करंजी ठेवली. ती करंजी खात दाराबाहेर आली आणि चवड्यांवर उभी राहून एका लांब तुकड्याला बोटाने हलकेच धक्का दिला. तो गोल गोल फिरू लागला. आम्ही दोघी, म्हणजे तिची आई आणि मी, तो थांबेपर्यंत पाहात उभ्या राहिलो.